सावंत बाईंचा संशय

कोणी कौतुक केलं की सावंत बाई चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या आणि कौतुक करणाऱ्याकडे निरखून पाहायच्या. विजयदुर्गजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. मी इन्सुलीहून नव्याने रुजू झाले तेव्हा पेढे नेले होते. म्हणाल्या, "आधी तू खा गो." मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी पेढा गिळेपर्यंत थांबल्या आणि मग स्वतः दोन खाल्ले.

पहिली-दुसरी माझ्याकडे होती, तिसरी-चौथी बाईंकडे. मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत. माझ्या दुसरीतली आर्या त्या भिंतीला कान लावून चौथीची गणितं सोडवायची. उत्तरं इकडून ओरडून सांगायची. तिला तिसरी गाळून थेट चौथीत बसवावं, असं मीच सुचवलं. तिचे वडील नंदू, स्वतःची होडी असलेले, हरखून गेले. शाळा समितीचे अध्यक्षही खूश झाले. परवानगी वरून यायची होती, पण आधी बाईंचं मत लागणार होतं.

बाई मला म्हणाल्या, "अध्यक्षाक पेपरात फोटो होयो. बापाशीक गावात मान होयो. तुका 'माझी विद्यार्थिनी' म्हणान मिरवाक होया. पण त्या चेडवाक, आर्याक, काय होया, ता कोणी इचारल्यान?"

मला राग आला. यांना चांगल्यातही खोट दिसते, असं मी घरी जाऊन बोलूनही दाखवलं.

बाईंनी सगळ्यांसमोर आर्याची तोंडी परीक्षा घेतली. पोर चुकतच गेली. नंदू मान खाली घालून बसले. मला तर भिंतीत गडप व्हावंसं वाटलं. बाई मात्र पुढे झुकून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बेचाळीसाचा एकेचाळीस, साठाचा एकुणसाठ. दर वेळी एकानच कमी. येत नाय तो असो चुकणा नाय. ह्या चेडू मुद्दाम चुकता."

त्यांनी बाकीच्यांना बाहेर काढलं, फक्त मला दाराशी उभं राहू दिलं. आर्याला जवळ बसवून एवढंच विचारलं, "कोणाक भितंस?"

माझ्यामागे दारात बाबा नाहीत ना, ते तिने पाहिलं. मग म्हणाली, "चौथी झाली काय बाबा माका कोल्हापुराक मावशेकडे धाडतले. बाबा होडयेर गेले काय आये एकटीच रवतली."

आमची शाळा चौथीपर्यंतच. पुढचं नंदूंनी ठरवून ठेवलं होतं आणि आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी विचारल्यावर ते चिडले. "तिच्या भल्यासाठीच ना, बाई?"

"भला हा. पण एवढी घाई कित्याक?"

बाईंनी नकार कळवला आणि आर्याला भिंतीपलीकडे, आपल्या वर्गात बसवून घेतलं. हजेरी दुसरीची, गणितं चौथीची. गावात कुजबुज झाली, की बाईंना दुसऱ्याचं पोर पुढे गेलेलं बघवत नाही. नंदूंनी बाईंशी बोलणं टाकलं. त्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. समारंभाला नंदू आले नाहीत.

निघताना बाई मला म्हणाल्या, "दर वर्सा तिका इचार. औंदा नको म्हटल्यान म्हणान कायमचा नको, असा धरू नको. माजाय चुकला असात."

पुढच्या वर्षी तिसरी संपताना मी आर्याला विचारलं, चौथी गाळून हायस्कुलात पाचवीला जाशील का? तिने थोडा विचार केला. "हायस्कुलाची एसटी सांजेक परत येता?"

"येते."

"मगे जातंय."

आर्याने कोल्हापूर नको म्हटल्यावर नंदूंनी आधी आढेवेढे घेतले, पण बायकोने समजूत घातली. परवानगीही आली. मी आनंदाने बाईंना फोन लावला. त्या तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या, आवाज पार बारीक झाला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एसटी येताना तू सोता बघलंस?"

मी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांब्यावर जाऊन उभी राहिले. गाडी उशिरा आली, पण आली. ते सांगायला फोन केला तेव्हा त्यांच्या मुलाने उचलला. बाई पहाटेच गेल्या होत्या.