चहाच्या पातेल्यात थर्मोस्टॅट

आमच्या मामेसासऱ्यांनी तळहात टेकवला की कुठल्याही इंजिनाची खोटं बोलायची टाप नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. दातिवऱ्याच्या मच्छीमार बोटींवर त्यांनी उभा जन्म इंजिनाशेजारी काढला. त्यामुळे माणसांपेक्षा यंत्रांशी त्यांचं जास्त पटतं. आमच्याकडे बोईसरला आले की आधी फ्रिजची विचारपूस करतात, मग भाचीची, म्हणजे माझ्या बायकोची. फ्रिजच्या पाठीवर हात फिरवून "दमलाय बिचारा, मागं हवा येऊ द्या त्याला," म्हणतात आणि एकटेच तो वीतभर पुढे ओढतात. आमच्या लग्नात सगळे नवरानवरीकडे बघत होते तेव्हा हे जनरेटरपाशी खुर्ची टाकून बसले होते. अक्षताही त्यांनी तिथूनच टाकल्या, बहुधा जनरेटरवर. आणि एक खोड अशी, की पुराव्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही. एकदा पाण्याची मोटार बंद पडली तेव्हा मी सहज म्हणालो, "बेअरिंग गेलं असणार." मामा केवढे चिडले! "तुमी बघितलंत? मंग त्याचं नाव कशाला घेता, जावई?" आणि खरंच, वायर उंदराने कुरतडली होती. माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

अलीकडे मामांना कमी ऐकू येतंय असं आम्हाला जाणवू लागलं होतं. बायकोने पालघरच्या कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली तर हे हटून बसले. "मशीन आयकू येतं ना मला? मंग झालं. माणसं तेच तेच बोलतात." शेवटी गाडीतून फिरायला मिळेल या आमिषावर तयार झाले. नेमकं त्याच दिवशी आमच्या लेकीला सरकारी नोकरीची कागदपत्रं दाखवायला पालघरजवळ कोळगावच्या कचेरीत अकराच्या आत पोचायचं होतं. तीन वर्षं पोरगी परीक्षा देत होती. आता कुठे यादीत नाव लागलेलं, आणि उशीर झाला की पुढच्या उमेदवाराला बोलावणार. त्यात रिक्षावाल्यांचा संप. म्हणून मी माझी जुनी गाडी काढली. आदल्या रात्रीच आमच्याकडे आलेले मामा पुढे बसले, चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल गाडीच्या पत्र्यावर टेकवलं. बोईसर सोडून जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, तोच म्हणाले, "थांबवा. ताप चढतोय हिला."

मी तापमानाच्या काट्याकडे बघितलं. काटा जागेवर होता. मी थांबवली नाही. आपण कारखान्यात नोकरी करतो, आपल्याला कळतं! उमरोळीच्या अलीकडे काट्याने एकदम तांबड्यात उडी मारली आणि बॉनेटमधून वाफ निघाली. साडेनऊ वाजून गेले होते. नशिबाने समोरच एक चहाची टपरी होती. मी रेडिएटरचं झाकण उघडायला धावलो, तर मामांनी मनगटच धरलं. "तोंड भाजून घ्यायचं हाय? बसा. चा प्या."

"आजोबा, अकराला पोचायचंय!" लेक रडकुंडीला आली होती. मामांनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि चहाचा घोट घेतला. अर्धा तास! त्या अर्ध्या तासात मी स्वतःला काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिता यायचं नाही. मग ते उठले. मला क्षणभर गाडी चालू करायला लावली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाण्याच्या पंपाला लावलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. टपरीवाली बाईसुद्धा गाळणी हातात धरून बघत राहिली. "पंप बिनघोर हाय," मामा म्हणाले. मग इंजिनातून निघणाऱ्या वरच्या पाइपावर हात ठेवला. तो चटका देत होता. खालचा चाचपला, तो गार. "वर ताप, खाली गार. मधली झडप उघडत नाय."

दोन नट काढून त्यांनी लिंबाएवढा थर्मोस्टॅट बाहेर काढला. पाणी तापलं की उघडून वाट देणारी झडप ती हीच. आता फेकून द्या ना! पण छे, पुरावा हवा. मामांनी तो उचलला आणि थेट टपरीवरच्या उकळत्या पाण्यात सोडला.

"ओ आजोबा! माजं चाचं पातेलं हाय ते!" बाई ओरडली.

मामा वाकून पातेल्यात बघत होते. पाणी खळाखळा उकळलं, झडप ढिम्म हलली नाही. "बगा," ते बाईंनाच म्हणाले, "आता खुशाल याला दोष द्या." बाईंनी कपाळावर हात मारला, पण पातेल्यात वाकून त्यांनीही बघितलंच. मग मामांनी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पाणी गळू नये म्हणून मध्ये घातला, त्या जागेचं झाकण झडपेविनाच बसवलं, पाणी भरलं, आणि काटा जो मध्यावर आला तो कोळगावपर्यंत हलला नाही. अकराला सात मिनिटं कमी असताना लेक फाइल छातीशी धरून पायऱ्या चढत होती.

तिथून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्यात जेमतेम थोडं उरलेलं, आणि हे आजचं नाही, कित्येक वर्षांचं. म्हणजे इतकी वर्षं मामा आमच्या फ्रिजचं, मोटारीचं, गाडीचं जे ऐकत होते ते हातापायांनी! आमचं बोलणं मात्र त्यांच्यापर्यंत अर्धंमुर्धंच पोचत होतं, आणि आम्ही त्यांच्या विक्षिप्तपणाला हसत होतो. फार वाईट वाटलं मला. कानाचं यंत्र घेतलं, पण मामांनी ते दोन दिवसांत डब्यात ठेवून दिलं.

महिन्याभराने लेकीला नेमणुकीचं पत्र आलं. पेढे घेऊन आम्ही दातिवऱ्याला गेलो. मामा ओट्यावर जाळ्याचा दोर सोडवत होते. लेकीने दोनदा ओरडून सांगितलं, पण ते हसून माझ्या गाडीकडेच बघत राहिले. शेवटी ती पाया पडायला वाकली. मामांनी तळहात तिच्या डोक्यावर ठेवला. मान खाली घालूनच ती म्हणाली, "आजोबा, मला नोकरी लागली."

मामांनी डोळे मिटले. "परत बोल."

"नोकरी लागली, आजोबा."

"आयकलं," मामा म्हणाले. हात मात्र त्यांनी बराच वेळ उचलला नाही.