मडगार्डला ठिगळ

आमच्या गाडीला चिंचवडच्या चाळीत सगळे बादली म्हणायचे. तीन चाकं, पुढे दोघांची जागा, मागे दोघांची, आणि सगळी बॉडी फायबरची. ऐंशीच्या आसपास ती आमच्याकडे आली तेव्हाच दोन घरं फिरून आली होती. माझे यजमान एका वाहन कंपनीत डेंटर होते, म्हणजे पत्र्याचे पोचे काढणारे. गाडी गंजणार नाही, एवढ्या एका गुणावर त्यांनी ती घेतली. पण ती पत्र्याची नाही हा राग त्यांच्या मनात कायम होता. फायबर हा शब्द ते शेजाऱ्याच्या उनाड पोराचं नाव घ्यावं तसा घेत.

मला मात्र ती चालवायची होती. कशासाठी, असं कुणी विचारलं की मी दहा कारणं सांगायची. खरं कारण एकच होतं. स्टिअरिंग हातात आलं की मला फार मजा यायची. शिकाऊ लायसन मिळालं होतं, आणि माझ्या भावाच्या मुलाचं बारसं चऱ्होलीला गुरुवारी ठरलं होतं, कारण आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. माहेरी स्वतः गाडी चालवत जायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे सगळ्यांना सांगूनही बसले होते.

बारशाच्या आधीच्या गुरुवारी गाडी मागे घेताना मी ती नळाच्या ओट्यावर नेऊन आदळली. मागच्या डाव्या मडगार्डला बोटभर चीर गेली आणि तेवढा भाग जरा आत दबला.

"एवढंच ना?" असं म्हणून ह्यांनी हातोडी आणली. आतून लोखंडी ठोकळा धरला, बाहेरून हातोडी मारली. आयुष्यभर पत्रा त्यांचं ऐकत आला होता. हे फायबर ऐकेना. कडकन आवाज झाला. त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून त्यांनी आणखी एक मारली. बोटभर चिरेचं वीतभर भगदाड झालं. चीर माझी होती आणि भगदाड त्यांचं, पण हे मी तीन दिवस तोंडातून काढलं नाही. माझ्यासारखीला तीन दिवस म्हणजे फार झाले.

शनिवारी जेवताना ते म्हणाले, "गाडी देऊन टाकू. पिंपरी कॅम्पातला एक गॅरेजवाला बुधवारी संध्याकाळी येतोय. शब्द दिलाय मी."

"आणि बारशाला?"

"बसनं जाऊ की. बस काय बंद पडल्यात?"

उरलेल्या भाकऱ्या मी अशा थापल्या की शेजारीण येऊन विचारून गेली, पुन्हा काय ठोकताय म्हणून.

सोमवारी हे पहिल्या शिफ्टला गेले आणि मी भोसरीची बस धरली. तिथे एका शेडमध्ये फायबरच्या टाक्या बनायच्या, ते मी बसमधून येता-जाता पाहिलेलं होतं. आतला माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या धुळीने माखलेला. एका बाईला मडगार्ड दुरुस्त करायचंय हे ऐकून त्याने आधी माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं. मग आतून काचेच्या धाग्यांची एक पांढरी चटई आणून माझ्यापुढे टाकली. तिला ते मॅट म्हणतात. ती बोटांत धरली आणि मला हसू फुटलं. हे तर कापड होतं. दहा वर्षं मी चाळीतल्या बायकांचे ब्लाउज आणि त्यांच्या नवऱ्यांचे शर्ट शिवत होते. कापडाला खळ लावायची, ती वाळली की कडक होते, हे काय मला कुणी शिकवायला हवं होतं? इथे खळीच्या जागी रेझिन नावाचा मधासारखा घट्ट पदार्थ होता, एवढाच फरक.

"कपभर रेझिनला पाव चमचा हार्डनर, म्हणजे ते कडक होतं," तो म्हणाला. "जास्त नको, ताई. उन्हाळा आहे."

मंगळवारी सकाळी तिथून आणलेलं सामान घेऊन मी कामाला लागले. आमच्याजवळ राहणाऱ्या माझ्या सासूबाई, मूळच्या माण भागातल्या, पायरीवर येऊन बसल्या. मी नारळाच्या करवंटीत रेझिन ओतलं आणि हळदीसारखं अंदाजाने हार्डनर टाकलं. अंदाज माझा नेहमीच सढळ. मडगार्डची आतली बाजू पुसून होते ना होते तोच करवंटीतलं सगळं थलथलीत झालं.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "आगं, ह्याचा तर खरवस झाला की."

बघता बघता खरवस दगड झाला, करवंटी तापली, धूर निघाला आणि ब्रश आत उभाच्या उभा रुतून बसला. सासूबाईंना हसू आवरेना. मलाही आवरेना. नवा ब्रश आणला, दुसरी करवंटी घेतली आणि ह्या वेळी पाव चमचा मोजून घातला.

भगदाडाच्या बाहेरून मी पुठ्ठ्यावर प्लॅस्टिक लावून तो खाटेच्या नवारीने घट्ट बांधला. आतून कडा पॉलिश पेपरने घासून खरखरीत केल्या. मग मॅटचे तुकडे लावायला घेतले. ते मी कात्रीने कापले नाहीत, हाताने फाडले. कापलेल्या ठिगळाची कड वर दिसते, फाडलेल्याचे धागे खालच्यात मिसळून जातात. मडगार्डच्या गोलाईवर मॅटला चुण्या पडायला लागल्या, तेव्हा ब्लाउजला घालतात तसा टक्स घातला आणि ती मुकाट बसली. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि प्रत्येक थरातली हवा ब्रशने टोचून टोचून बाहेर काढली. काचेची कुसं अंगभर टोचत होती. खाजवायला हात मोकळा नव्हता, तरी मी गुणगुणत होते.

चार वाजता हे कामावरून आले. डब्याची पिशवी हातात तशीच धरून वाकले. अंगठ्याने दाबून पाहिलं. दगड.

"कुणी शिकवलं?"

"ब्लाउजनं."

त्यांनी पुठ्ठा सोडला, डोळे मिटले आणि बाहेरच्या बाजूवरून तळहात फिरवला. "इथं खोल आहे," म्हणाले. मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं, आणि खरंच, तिथे केसभर खोल होतं. मग त्यांनी कपडे बदलले, पुट्टी कालवली आणि मांडी घालून बसले. पुट्टी भरायची, पाणी मारून घासायची, डोळे मिटून हात फिरवायचा, पुन्हा भरायची. अंधार पडेपर्यंत त्यांचं हे चाललं होतं आणि मी शेजारी बसून पाणी ओतत होते. त्या संध्याकाळी मला माझा नवरा फार आवडला.

बुधवारी अर्धी रजा टाकून त्यांनी रंग मारला. दिवेलागणीला गॅरेजवाला आला. गाडीभोवती दोनदा फिरला, खाली वाकला आणि कधी धक्काही न लागलेल्या उजव्या मडगार्डवर बोट ठेवून म्हणाला, "काम इथं झालंय ना?" सासूबाईंसकट आम्ही तिघांनीही तोंडं अगदी साधी ठेवली. तो खूष झाला. "मी आत्ताच घेऊन जातो, भाऊ."

ह्यांनी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द त्यांनी फिरवलेला मी कधी पाहिला नव्हता. ते जरा खाकरले.

"मी शब्द दिला तो फुटक्या गाडीचा. ती आता राहिली नाही. ही जी आहे, तिचं हिला विचारा."

गॅरेजवाला माझ्याकडे वळायच्या आतच मी नाही म्हणून मोकळी झाले. तो हसला, चहा पिऊन गेला.

गुरुवारी सकाळी मी स्टिअरिंगवर बसले, हे शेजारी. तेवढ्यात सासूबाई नवं लुगडं नेसून आल्या आणि दारापाशी थांबल्या.

"ऊठ, तू मागं बस," त्या लेकाला म्हणाल्या. "म्होरं मी बसणार. माझी सून गाडी चालवती, ती मला नीट बघू दे."

माझं लायसन शिकाऊ, त्यामुळे शेजारी पक्क्या लायसनवाल्या नवऱ्यानेच बसायला हवं होतं. पण हे सासूबाईंना सांगायची आमच्या दोघांचीही छाती झाली नाही. ते मागे गेले, गुडघे पोटाशी घेऊन बसले, आणि चऱ्होली येईपर्यंत एकदाही "ब्रेक!" म्हणाले नाहीत.