पाटावरचा चार्जर

मला स्वस्थ बसवत नाही. लहानपणापासूनच नाही. त्यात इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि माझ्या डोक्याला एक कायमचा आकडा चिकटला. चहा पिताना, भाजी निवडताना, कंपनीत गेज लावून पार्टचं माप तपासताना आत कुठेतरी चालूच असायचं, आता किती टक्के राहिले असतील?

गाडी घेतली ती पेट्रोलला वैतागून. थेरगाव ते चाकण चोवीस किलोमीटर, येऊन-जाऊन अठ्ठेचाळीस. पगार हातात यायच्या आत पंपावर जायचा. आता दिवसाचं भागतं एका वडापावच्या पैशांत. ऑइल नाही, प्लग नाही. फक्त मागचा टायर चाकणच्या रस्त्यांवर लवकर झिजतो, आणि बॅटरीची वॉरंटी संपेल तेव्हा काय करायचं हा विचार मी अजून पुढेच ढकलते. विकणाऱ्याने एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटरच्या वर चालेल म्हणून सांगितलं होतं. चालते पंचाहत्तर. म्हणजे रोज चार्जिंग आलंच, एक दिवस चुकला की बोंब.

आमची बिल्डिंग आठ फ्लॅटची. पार्किंगमध्ये आमच्या मीटरवरून पॉइंट घेतला तर तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "बाई गं, या गाड्या पेटतात म्हणे. रात्रीबेरात्री काय झालं तर?" मीटिंग झाली, आरडाओरडा झाला (त्यातला निम्मा माझा) आणि ठरलं, की चार्जिंग चालू असेल तोवर घरचं माणूस खाली बसलं पाहिजे. घरचं माणूस म्हणजे आप्पा. माझे वडील. भोसरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं प्रेस मशिनवर मेंटेनन्सला होते. लातूरकडून आले ते पान्हा हातात घेऊनच, असं आई म्हणायची.

आप्पांना ती स्कूटर पटलेली नव्हती. "आवाज न्हाई, धूर न्हाई. हिला मशीन म्हणावं का मिक्सर?" तरी संध्याकाळी पाच ते नऊ प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे, पेपर वाचत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत. कधी कुरकुर नाही.

त्या वर्षी मी कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते. दोन वर्षं झाली होती आणि कायम करायची यादी निघणार होती. दसऱ्याला सगळीकडे सुट्टी, पण आमची लहान कंपनी, मोठ्या कंपनीचा माल अडलेला. सुपरवायझर म्हणाले, "दसऱ्याला सकाळी सातला जे पंच करतील त्यांचीच नावं मी वर पाठवणार. उशीर झाला तर मला तोंड दाखवू नका." मी घरी काही बोलले नाही. दसऱ्याला कामावर जाते म्हटलं असतं तर आप्पांनी तासभर सुनावलं असतं. म्हटलं, सकाळी गुपचूप निघू. इथेच माझं चुकलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. कंपनीत मशिनींची पूजा झाली. मी डांगे चौकातून झेंडू घेऊन घरी आले, गाडी चार्जिंगला लावली आणि पुरणाला लागले. आप्पा नेहमीसारखे खाली गेले, नेहमीसारखे नऊला वर आले. गाडी किती चार्ज झाली, मी विचारलंही नाही.

पहाटे साडेपाचला खाली गेले तर गाडी न्हाऊन-माखून उभी. हँडलला झेंडूचा हार, पुढच्या चाकाला हळदकुंकू. आणि सॉकेट रिकामं. चावी फिरवली. बत्तीस टक्के.

धावत वर आले. देवापुढे पाट मांडलेला. त्यावर आप्पांची पक्कड, टेस्टर, पान्ह्यांचा सेट, आणि मधोमध माझा चार्जर. त्याला पाच बोटं हळदकुंकवाची.

"आप्पा! हे काय करून ठेवलंत?"

"खंडेनवमीला मशीन बंद ठेवतात, पोरी. आज पूजा करून उचलायचं." डोळे चोळत उठले होते बिचारे.

"मशीन? मिक्सर म्हणत होतात ना तुम्ही? सातच्या आत चाकणला पंच करायचंय मला! माझी नोकरी घालवलीत! तीस वर्षं पान्हे फिरवलेत, तेवढंच कळतं तुम्हाला!"

नको ते बोलले. मी फोनवर रिक्षा शोधली, कुणी यायला तयार नाही. शेवटी स्कूटरच काढली.

रस्ता मोकळा, ट्रकना आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या, आणि मी पंचवीसच्या स्पीडने, माझ्याच डोळ्यांपुढे आकडा खाली उतरताना बघत चाललेय. स्पाइन रोडला चोवीस. मोशीत चौदा. चिंबळी फाट्याला आठ. "चल गं बाई, चल गं," असं मी मोठ्याने म्हणत होते. चाकणच्या अलीकडे सगळंच थांबलं. शेवटचा किलोमीटर ढकलत नेली. हारातली फुलं वाटेभर गळत होती.

पंचिंग मशीनवर बोट टेकवलं तेव्हा सात वाजून बारा मिनिटं.

आत गेले तर प्रेस बंद. सगळे हात बांधून उभे. जुने ऑपरेटर अडून बसले होते, नारळ फोडल्याशिवाय बटण दाबणार नाही, आणि नारळ अजून यायचा होता. वीस मिनिटांनी लाइन सुरू झाली. म्हणजे मी कामाला वेळेत होते. पण पंचिंग मशीनला नारळाशी काय देणंघेणं? सुपरवायझरांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि नाव कापलं.

दहाच्या सुमारास सिक्युरिटीवाला आला. "ताई, गेटवर कुणी म्हातारे आलेत."

आप्पा होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कंपनीत जाताना घालायचे तसा. दोन बस बदलून आले होते. हातातल्या कापडी पिशवीत चार्जर, हळदकुंकू अजून तसंच. रागाच्या भरात तो मी पाटावरच टाकून आले होते. परत कशी जाणार होते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"सिक्युरिटीच्या केबिनमधी पॉइंट हाय, विचारलं मी. आज दसरा हाय, लावा म्हनले." मग माझ्याकडे न बघता, "पोचलीस का वेळेत?"

माझं तोंड किती फाटकं आहे ते अख्ख्या थेरगावला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी म्हटलं, "पोचले आप्पा. पाच मिनिटं आधीच."

त्यांनी श्वास सोडला. गाडीवरून हात फिरवला. "बत्तीस टक्क्यात चोवीस किलोमीटर. मशीन हाय बरं का!" आणि केबिनबाहेर खुर्ची टाकून, शिफ्ट सुटेपर्यंत गाडीजवळ बसून राहिले.

कायम व्हायला मला आणखी दीड वर्ष लागलं. वरच्या ऑफिसात फाइल अडकली, असं मी घरी सांगितलं. आप्पा आजही खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगतात, पूजा केली होती म्हणून गाडी वेळेत पोचली. मी शेजारून जात असले तर मला थांबवतात.

"सांग की गं, किती वाजता पंच केलंस?"

"सहा पंचावन्न," मी म्हणते.