मुद्दाम बिघडवलेला टेपरेकॉर्डर

मालतीताई पोतनीस यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या अंकात डॉक्टर, शिक्षक आणि वकील मंडळींच्या पंगतीत माझ्यासारख्या लाउडस्पीकरवाल्यालाही पान मांडलं, याबद्दल संपादकांचा मी आभारी आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून महाडला आलो, रेडिओच्या दुकानात झाडू मारता मारता तारा जोडायला, डाग द्यायला शिकलो आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. लिहिण्याची सवय नाही, ऐकण्याची आहे. माझा धंदाच कानाचा. तेव्हा ताईंबद्दल जे ऐकलं तेच सांगतो.

ताईंची नि माझी पहिली गाठ पडली ती तक्रारीतून. सोळा-सतरा वर्षं होऊन गेली. कन्याशाळेत पी.टी. शिकवून ताई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. एके दिवशी कापडी पिशवीतून टेपरेकॉर्डर घेऊन त्या दुकानात आल्या. "घरघर करतो," म्हणाल्या. मी तो उघडला, साफ केला, तेल दिलं. लावून बघतो तर गाणं मंद चाललेलं. गाणं मंद चाललं की मला दाढ दुखल्यासारखं होतं. मोटारीच्या मागे एक बारीक स्क्रू असतो, तो पिळून चाल बरोबर करून टाकली. ताईंनी सांगितलं नव्हतं. वाटलं, खूश होतील.

पुढच्या सोमवारी ताई टेपरेकॉर्डरसकट परत हजर.

"काय केलंत तुम्ही याचं?"

"घरघर काढली. शिवाय हळू चालत होता, तोही नीट करून दिला."

"मी सांगितलं होतं?"

"नाही. पण बिघाड होता ना, ताई."

"तो बिघाड नव्हता. आता पुन्हा बिघडवून द्या."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. ताई त्यांच्याकडे वळून, वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "शनिवारी दुपारी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही वीसेक बायका जमतो. पाळी जायच्या वयाच्या. कुणाच्या अंगाची आग होते, कुणाला झोप नाही, कुणाचे सांधे धरलेत. आम्ही नाचतो. यांनी नीट केलेल्या टेपवर परवा दोघी धापा टाकत खाली बसल्या. एक रडत घरी गेली. म्हणाली, बाई, आता हेही जमत नाही."

त्या काळी पुरुषांसमोर 'पाळी' हा शब्द कुणी उच्चारत नसे. दोन्ही गिऱ्हाइकं एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागली. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. ताई काउंटरपाशी डोळे मिटून उभ्या, पाऊल जमिनीवर हलतंय. "अजून थोडा. अजून. हं, राहू दे."

चाल उतरली तसा सूरही उतरला. मी म्हटलं, "ताई, गाणाऱ्या बाईचा आवाज पुरुषी होतोय हो."

"होऊ दे. या वयात आमचेही आवाज जरा खाली येतात. आता त्यांना बरोबरीनं गाता येतं."

पंधरा वर्षं आवाजाचा धंदा केला होता, पण बायकांचा आवाज वयाबरोबर उतरतो हे मला माहीत नव्हतं.

रात्री जेवताना ही हकिकत मी गंमत म्हणून बायकोला सांगितली. सुलोचना हसली नाही. म्हणाली, "कुठं भरतो तो वर्ग?"

आता थोडं घरचं सांगायला हवं. सुलोचनेची परवानगी घेतली आहे. तिचं माहेर महाडजवळचं नाते गाव. गौरीच्या फेरात गाणं उचलावं तर तिनंच, अशी तिची ख्याती. पण दोन वर्षं ती गौरीला माहेरी गेली नव्हती. घरात पंखा लाव, पंखा बंद कर, यावरून खटके उडत. ती चिडे, मग रडे, मग कितीतरी वेळ बोलतच नसे. मी दुकानात तिच्यावर विनोद करून चार टाळ्या मिळवत होतो. माणूस घरात असून हळूहळू घरातून निघून चाललं होतं, आणि कानाच्या गर्वात असलेल्या मला ते ऐकू आलं नव्हतं. 'कुठं भरतो' हा तिनं दोन वर्षांत बाहेरच्या जगाबद्दल विचारलेला पहिला प्रश्न.

दुसऱ्याच शनिवारी ती ताईंच्या वर्गातून घरी आली ती हसू दाबत. म्हणाली, "बाईंनी सांगितलं, रोज जी हालचाल पुन्हापुन्हा करता ती करून दाखवा, त्याचाच नाच करू. एकीनं सूप पाखडलं. बिरवाडीच्या एकीनं भाताची रोपं लावली. मला काय सुचंना, मी आपली अंगावरची गोधडी भिरकावली."

"मग?"

"मग काय! सगळ्या खदाखदा हसल्या. म्हंजे सगळ्याच भिरकावतात, अहो! मला वाटलेलं, मीच एकटी येडी हाय."

गोधडी भिरकावण्याचा तो नाच त्या वर्गात अजून चालतो. आधी पाखडायचं, मग लावायचं, मग भिरकावायचं. पुरुषांना तिथे मज्जाव असल्यामुळे मी तो पाहिलेला नाही, पण टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला व्हरांड्यात बसलो की वीस बायकांच्या बांगड्या एकदम वाजलेल्या ऐकल्यात.

नाच म्हणजे औषध, असा ढोल ताईंनी कधी वाजवला नाही, हे इथे नोंदवलं पाहिजे. त्या एवढंच सांगत, "माझं एकोणपन्नासावं चालू होतं. ड्रिल घेताना उन्हात उभं राहवत नसे. ज्या दिवशी मुलींबरोबर टिपऱ्या खेळायची, त्या दिवशी झोप लागायची. तुम्हीही करून बघा." मघाची बिरवाडीची बाई एकदा आली तेव्हा तिला महिनाभर अंगावरून जात होतं. ताईंनी तिला वर्गात पाऊल टाकू दिलं नाही. "आज नाच नाही. आज माझ्याबरोबर दवाखान्यात." डॉक्टरांचा नंबर लागेपर्यंत ताई तिच्याशेजारी बाकड्यावर बसून राहिल्या. उपचार झाले, आणि दोन महिन्यांनी ती रोपं लावायला परत आली.

गावानं टोमणे मारले नाहीत असं नाही. एका प्रतिष्ठित गृहस्थांनी ताईंना माझ्याच दुकानासमोर गाठलं. "बाई, या वयात हे शोभतं का?" ताई म्हणाल्या, "शोभेसाठी नाचतच नाही आम्ही. रात्री डोळा लागावा म्हणून नाचतो. तुमच्या घरात विचारून बघा, कुणाला लागतो का." गृहस्थ निघून गेले. त्यांच्या मंडळींनी पुढच्या महिन्यात वर्गात नाव घातलं.

त्या वर्षी श्रावण सरता सरता सुलोचना आपण होऊन म्हणाली, "गौरीला नात्याला जाऊ या. बाईंनाही नेऊ."

नात्याला तिच्या थोरल्या भावाच्या अंगणात फेर धरला होता. ढोलकी भावाच्याच हाती, आणि त्याचा हात जलद. तरण्या सुना-पोरी गरगरत होत्या. पन्नाशीच्या बायका नेहमीसारख्या भिंतीला टेकून उभ्या. सुलोचना फेरात शिरली. एक वेढा झाला, दुसऱ्यात तिचा हात छातीशी गेला. ही आता बाहेर येऊन बसली तर पुन्हा कधी उठायची नाही, हे मला ठाऊक होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. फक्त त्यांचं पाऊल हलत होतं, त्या दिवशी माझ्या काउंटरपाशी हललं होतं तसं.

सुलोचना थांबली. भावानं विचारलं, "काय गो, दमलीस?"

"दमले नाय. तू हळू वाजव."

"फेराची ढोलकी हाय गो ही, भजनाची नाय!"

"ठावं हाय मला. इतकी वर्सं आम्ही तुझ्या हातावर नाचलो. आज तू आमच्या पायावर वाजव."

हशा पिकला. पण भावानं हात सैल सोडला. तिनं गाणं उचललं, पूर्वीपेक्षा दोन सूर खाली. तो सूर मी ओळखला, ताईंच्या टेपचा. भिंतीजवळची एक बाई पदर खोचत आत आली. तिच्यामागून दुसरी. थोड्या वेळानं भिंत रिकामी झाली. दोन वर्षांनी माझ्या बायकोचा गाण्यातला आवाज मी ऐकला, आणि ध्वनिक्षेपक नसतानाही तो माझ्या कानात अजून वाजतो.

आता सुलोचना नाते गावात असा वर्ग घेते, पोलादपुरातही एक सुरू झालाय. सीडी आल्यावर ताईंनी तो टेपरेकॉर्डर मला देऊन टाकला. माझ्या दुकानाच्या फळीवर तो आहे. नव्या कारागिराला मी बजावून ठेवतो, बाकी काही कर, मागच्या स्क्रूला हात लावू नको. आणि गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, मग नीट करायचं.

ताई, पंच्याहत्तरी झाली. पुढच्या पंचवीस वर्षांची कसलीही घाई करू नका. तुमचे गुडघे धड राहोत, रात्री गाढ झोप लागो, आणि शनिवारी दुपारी तुमचं पाऊल असंच हलत राहो. आम्ही सगळे त्याच चालीनं तुमच्या मागून येतो आहोत.