किल्लारीची पायपेटी आणि लातूरचं संगीत नाटक

सुरेखाचा फोन आला तेव्हा मी साडीला फॉल लावत बसले होते. ‘मावशी, रविवारी दुपारी आमचं नाटक आहे. संगीत नाटक. आणि गाणारी मी आहे,’ पोरगी म्हणाली. मी म्हटलं, ‘अगं मग बोलवायला फोन कशाला लागतो? मी चालत येईन.’ तर म्हणते, ‘तू येणारच आहेस गं. अण्णांना घेऊन ये.’

इथं थोडं सांगायला पाहिजे. सुरेखा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, लातुरात बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते. तिचे अण्णा म्हणजे माझे दाजी, राहतात किल्लारीला. भूकंपाआधी त्यांची तिथं नाटकमंडळी होती. दाजी पायपेटी वाजवायचे आणि माझी बहीण पहिल्या रांगेत बसून सगळी पदं ओठातल्या ओठात म्हणायची. त्या पहाटे बहीण गेली. दाजी पेटीचा भाता दुरुस्त करायला लातूरला गेले होते म्हणून वाचले, आणि सुरेखा माझ्याकडं नांदेडला होती म्हणून वाचली. त्यानंतर दाजींनी पेटी उघडली नाही, नाटकाच्या मंडपात पाऊल टाकलं नाही. पोरगी गायला लागली तेही त्यांनी कधी ऐकलं नाही. भूकंपानंतर जन्मलेली पोरं आता बारावीला आलीत, यावरून किती वर्षं झाली ते बघा.

तर जायचं ठरलं. सोबतीला शमीमआपा. आमच्या गल्लीत तिचं बांगड्यांचं दुकान आहे. आम्ही दोघींनी तरुणपणी नांदेडला आलेलं एकही संगीत नाटक सोडलं नाही. पैसे नसले तर मंडपाच्या कनातीला कान लावून ऐकलं. मी म्हटलं, ‘आपा, दुकान?’ तर म्हणाली, ‘दुकान को क्या होता? तू अकेली गेली तर टाळ्या भलत्या जागी वाजवती. तेरेकू सम कळत नाही.’

शुक्रवारी सकाळी नांदेडहून एसटी धरली. ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळचीच धरावी. लोह्यापर्यंत ऊन कोवळं असतं, पुढं डोळे मिटून बसावं लागतं. आमच्यासारख्यांना अर्धं तिकीट, फक्त ओळखपत्र पर्समध्ये अगदी वर ठेवा. नाहीतर कंडक्टर उभा, मागं रांग उभी आणि आपण औषधाच्या पट्ट्या बाहेर काढतोय, असं होतं. अहमदपूरच्या स्टँडवर गरम भजी मिळाली. मिरची तळलेली घ्या, कच्ची घेऊ नका.

गाडीत आमचं नेहमीचं भांडण सुरू झालं. माझं मत साधं आहे: बोलून भागत असेल तर गाऊ नये. नायिकेला बोलणं पुढं सुचेना, गळा भरून आला, की मग पद यावं. काही नाटकांत ‘बसा, पाणी घ्या’ यावरसुद्धा गाणं असतं. अशा नायिकेला मी घरात ठेवणार नाही. आणि ताना म्हणजे मीठ. जेवणारा पाणी मागायला लागला की समजावं, जास्त पडलं. आपाचं मत उलटं. तिला ताना हव्यात, भरपूर. म्हणते, ‘गानेवाली ने मेहनत की, तो दिखना नको क्या?’ एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत आहे. टेप लावून नुसते ओठ हलवणाऱ्या नाटकातून उठून यावं. आम्ही एकदा आलोही आहोत, चपला हातात घेऊन.

पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ शेवटी मागं वळून म्हणाले, ‘मावशी, तुम्ही नाटकात काम करता काय?’

आपा म्हणाली, ‘न्हाई हो, आमी फक्त नावं ठेवतो.’

लातुरात उतरलो तर शहर सगळं पाठीवर दप्तर घेतलेलं. क्लासच्या भागात एक भिंत मोकळी नाही. जिकडंतिकडं हसणाऱ्या पोरांचे फोटो आणि खाली मार्क. मेसच्या दारात पोरं एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून उभी.  सुरेखाच्या मेसवालीनं आम्हाला निलंगा राइस, म्हणजे तिकडचा मसालेभात, वाढला, तो मात्र न चुकता खा, वरून शेंगदाण्याची चटणी मागून घ्या.

तालीम बघायला गेलो. मंडळ हौशी माणसांचं. नाटक बसवणारे गोविंदसर बँकेत नोकरीला. नाटक त्यांनीच लिहिलेलं: ‘संगीत कोरडी विहीर’. गावच्या विहिरीला पाणी लागेपर्यंत लग्न करणार नाही असा पण केलेली राजकन्या. गोष्ट जुन्या वळणाची, पण पदं खरंच चांगली. फक्त साथीला इलेक्ट्रिकचा कीबोर्ड. आवाज असा, जणू कुणी प्लास्टिकच्या बादलीत तोंड घालून बोलतंय. मी तसं सांगितलं. गोविंदसर हसले.

‘काकू, पायपेटी आणू कुठून? आणि आणली तरी ऐकणार कोण? हॉल सुरेखा मॅडमच्या क्लासचा. सकाळी टेस्ट, दुपारी तीच पोरं प्रेक्षक. पोरांना वेळ नाही, आईबापांना झोप नाही. चाललं नाही तर पुढच्या वेळी गाणी काढून टाकू.’

सुरेखा घरी आल्यावर म्हणाली, ‘मावशी, गाणी निघाली तर अण्णांना ऐकवायला माझ्याकडं उरतं काय? केमिस्ट्री?’

शनिवारी सकाळी आम्ही दोघी जीपनं औश्यावरून किल्लारीला निघालो. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर एसटी बरी. नवीन किल्लारीत मी जाते तेव्हा दरवेळी चुकते. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, घरं एकसारखी. शेवटी दाजींच्या दारातल्या शेवग्यावरून घर ओळखलं.

दाजींनी दही-धपाटे पुढं केले आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, ‘अक्का, नाटकाचं बोलणार असाल तर आधी खाऊन घ्या.’

मी खाल्लं. मग बोलले. पोरगी बोलावतेय, तिची आस आहे, एक दुपार काढा.

‘मी येऊन काय करू? दुसऱ्या मंडळींची नाटकं आम्ही शेजारी बसून बघायचो, हात आपोआप तिकडं जाणार. पद संपलं की तिच्याकडं बघायची सवय. आता बघू कुणाकडं?’

आपानं धपाट्याची ताटली खाली ठेवली. ती म्हणाली, ‘दाजी, हमारे इनके जाने के बाद मैं भी नाटक को गयी न्हाई. मग हिनं ओढत नेलं. बाजूला ही बसते. चुकीच्या जागी टाळ्या वाजवते. त्याच्यात रोनेकू टाइम मिळत न्हाई.’

दाजी हसले. पण मान नाहीच हलवली. उठून आत गेले आणि कोपऱ्यातली चादर ओढली. खाली पायपेटी. मला वाटलं होतं उंदरांनी भाता खाल्ला असेल. पण पेटी लख्ख, एक कण धुळीचा नाही. न वाजवलेली पेटी हा माणूस रोज पुसत होता.

‘पेटी न्या,’ म्हणाले. ‘मला नेऊ नका. ही काळी दोनची पट्टी दमट हवेत चिकटते. दाबत बसायचं न्हाई, नखानं वर उचलायची. आणि भाता पायानं मारायचा, लाथेनं न्हाई. वाजवणाऱ्याला सांगा.’

गोधडीत गुंडाळून पेटी जीपच्या टपावर बांधली. दाजींनी गाठी स्वतः मारल्या, मग सोडल्या, मग परत मारल्या. वाटेत शेजारच्या बाईनं विचारलं, ‘वर काय हाय, शिलाई मशीन?’

‘पेटी हाय.’

‘पोरीच्या रुखवताची?’

आपा म्हणाली, ‘नाटकाची. जपून चाला म्हणावं डायवरला, आत राजकन्येचा गळा हाय.’

ड्रायव्हरनं ऐकलं. त्यानंतर प्रत्येक गतिरोधकावर जीप अशी चालवली, जणू बाळंतिणीला घेऊन निघालाय. मागच्या पोरांनी आरडाओरडा केला तरी बधला नाही. असा ड्रायव्हर मिळायला नशीब लागतं.

रविवारी दुपारी हॉल भरला. सकाळी टेस्ट दिलेली पोरं पुढं, मागं गावोगावचे आईबाप, कुणी रेणापूरचे, कुणी मुखेडचे, महिन्याचं तूप-लाडू द्यायला आलेले. भजनात पेटी वाजवणारे एक मास्तर पायपेटीवर बसले. त्यांनी पहिला सूर धरला आणि मी बाकाच्या फळीवर हात टेकला. कीबोर्डचा सूर कानात येतो, पेटीचा बसायच्या फळीतून येतो. एवढा फरक मला सांगता येतो, शास्त्र विचाराल तर माहीत नाही.

नांदी झाली. हॉल चिडीचूप. पहिलं पद झालं, चिडीचूप. विनोदी नोकराचं पद झालं, त्यालाही कुणी हसेना. मी आणि आपानं टाळ्या वाजवल्या तर पुढच्या पोरांनी वळून असं बघितलं, जणू आम्ही परीक्षेच्या हॉलमध्ये शिट्टी मारली. गोविंदसरांचा चेहरा विंगेतून दिसत होता. उतरलेला.

मग दुसऱ्या अंकातलं मोठं पद आलं. राजकन्या विहिरीच्या काठावर एकटी. ‘ओंजळीत या थेंब नसू दे, तहान माझी खरी...’ सुरेखा गायली. मला भाची म्हणून म्हणायचं नाही, पण ‘खरी’वर ती थांबली, तान घेता येत होती तरी घेतली नाही, नुसता सूर धरून ठेवला. आपा तानांची भुकेली, तिनंही माझा हात दाबला. पद संपलं. आणि पुन्हा तीच शांतता. वन्स मोअर नाही, टाळी नाही. सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं ते नाटकातलं नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. सरळ, वर्गात करतात तसा.

आणि आमची राजकन्या, डोक्यावर मुकुट, नेसूची नऊवारी, सवयीनं बोलून गेली, ‘हां, बोल गं.’

मुलगी उभी राहिली. ‘मॅडम, परत एकदा.’

तिच्या मागं अजून एक हात. मग पाच, मग मोजता येईनात. अख्खा हॉल हात वर करून बसला, आवाज न करता. नंतर सुरेखानं सांगितलं, क्लासमध्ये टाळी, आरडाओरडा काही चालत नाही. समजलं नाही किंवा परत हवं असेल तर हात वर करायचा. पोरांनी नाटक म्हणजे मॅडमचाच तास धरला होता, आणि वन्स मोअर द्यायची त्यांना माहीत असलेली रीत तेवढीच होती.

माझी वन्स मोअरबद्दल मतं फार कडक आहेत. जीव जातानाच्या पदाला मागू नये, एका पदाला दोनदा मागू नये. त्या दिवशी चार वेळा हात वर झाले आणि मी चारही वेळा सगळ्यांत आधी केला. शेवटी तर मागचे आईबापही हात वर करून बसले. एक धोतरवाले आजोबा शेजारच्याला विचारत होते, ‘कशाचं मतदान हाय?’

पडद्यामागं गोविंदसर भेटेल त्याच्या पाया पडत होते. पुढच्या महिन्यातल्या टेस्टनंतर पुन्हा प्रयोग करायचा, गाणी आहेत तशी, हे तिथंच ठरलं. सुरेखा मुकुट काढून पेटीजवळ बसली होती. मला म्हणाली, ‘अण्णा असते तर...’ आणि पेटीवर गोधडी घालायला लागली.

सोमवारी गंजगोलाईच्या बाजारात थोडी चक्कर मारली, आपानं दुकानासाठी बांगड्या बघितल्या आणि सगळ्यांना नावं ठेवली. दुपारच्या गाडीनं नांदेड. पेटी लातुरातच राहिली, पुढच्या प्रयोगासाठी.

लोक मला विचारतात, एवढ्या उन्हात, या वयात, नाटकासाठी कशाला जाता? घरी बसून गाणी ऐकता येतात. येतात की. मीही ऐकते. पण हॉलभर माणसांना एकच पद परत हवंय, हे घरी बसून कळत नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन. स्वतःहून. आधी विचारलं, ‘काळी दोन चिकटली का?’ नाही म्हटलं. ‘मास्तरानं लाथ मारली का?’ नाही म्हटलं.  मग, ‘अक्का, पोरगी गायली कशी?’

आता हे सांगून कसं कळणार? पुढच्या महिन्यात परत प्रयोग आहे म्हटलं, मग गाण्याचं सांगायचा प्रयत्न केला. दाजी म्हणाले, ‘तसं न्हाई, चाल कशी हाय?’ म्हणून मी फोनवर गाऊन दाखवायला लागले. शमीमआपा शेजारी बसली होती, ती कपाळाला हात लावून म्हणते, ‘अगे, वर जाना है, खाली कुठं चालली?’ मग तिनं फोन ओढून दोन ओळी म्हटल्या, तिच्या ताना घालून. मग मी परत ओढला आणि माझ्या पद्धतीनं म्हटलं. ‘खरी’वर येऊन दोघी दोन वेगळ्या ठिकाणी थांबलो.

‘बास,’ दाजी म्हणाले. ‘बास करा हो दोघी. असं नसणार ते. पोरगी असं गाणारच न्हाई.’

‘मग कसं असणार?’ मी विचारलं.

फोनमध्ये तिकडची कुणाची तरी बकरी ओरडलेली ऐकू आली.

‘पुढचा प्रयोग कवा हाय म्हणालात?’ दाजींनी विचारलं. ‘आणि अक्का, माझ्या एका बाजूला तुम्ही बसा. दुसऱ्या बाजूला आपांना बसवा.’