कार्डावरचा कोंबडा

फोन थरथरला की मी आधी ड्रॉवर ढकलून बंद करायचे. केडगावातल्या एका लॅबच्या काउंटरवर मी रक्ताचे रिपोर्ट द्यायचे, आणि समोरच्याला त्याची साखर सांगताना निम्मं लक्ष ड्रॉवरमध्ये पालथ्या घातलेल्या मोबाईलकडे असायचं. क्रेडिट कार्डाच्या वसुलीवाल्या बाईचा आवाज गोड होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. "मॅडम, आज थोडं तरी टाका ना."

कार्ड मी आईच्या शेवटच्या आजारपणात वापरलं. औषधं, दवाखान्याचं डिपॉझिट, सगळं त्यावर घासलं. मागून एक फ्रीजही घेतला. तो मात्र हौसेचा, खोटं कशाला बोलू. बिलावर 'किमान रक्कम' छापलेली असायची, ती मी दर महिन्याला इमानेइतबारे भरायचे. आमच्याकडे घरोघरी पतसंस्थेचं कर्ज. हप्ता गेला की माणूस ताठ मानेनं फिरतो. ही किमान रक्कम म्हणजे हप्ताच, असं मी धरून चालले होते. वर्षभर भरूनही देणं जागचं हलेना, उलट फुगलं, तेव्हा बँकेत जाऊन विचारलं. तिथल्या माणसानं सांगितलं, किमान रक्कम भरली की दंड टळतो एवढंच, बाकीच्यावर व्याज चालूच राहतं. मला इतका संताप आला की मी तेही भरणं बंद केलं. रागही माझा आणि त्याचं व्याजही माझंच.

पप्पांना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. आईच्या मातीला आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, "माज्या पोरीनं आईला काय कमी पडू दिलं न्हाई. कुनापुडं हात पसरला न्हाई." ते ऐकून मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले होते. त्यात कार्डाचा अर्ज भरताना दुसरा नंबर मी त्यांचाच दिलेला. वसुलीवाली अधूनमधून म्हणायची, "मग वडिलांनाच विचारू का?" पप्पांचा मोबाईल वाजला की मी पोळी तव्यावर टाकून बाहेर धावायचे. "कोण होतं?" "राँग नंबर," ते म्हणायचे. मला हायसं वाटायचं आणि तोवर पोळी करपायची.

अशात चर्चमध्ये कापणीचा सण आला. त्या रविवारी उपासना झाली की लोकांनी वाहिलेल्या वस्तूंचा आवारात लिलाव होतो. ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या. तिथं बाजारभाव कुणी विचारत नाही. एक लिंबू पाचशेला जातं, घेणारा ते परत देतो आणि त्याचीच पुन्हा बोली लागते. कुठल्या घरानं बोली लावली नाही हेही लोकांच्या बरोबर लक्षात राहतं. आमच्या घरची बोली आई लावायची. या वेळी मी मागच्या बाकावर गप्प बसायचं ठरवलं होतं.

एका लाल कोंबड्याची बोली चालू होती आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला. मी तो बंद करायला धडपडले, तर बोली पुकारणाऱ्या पाळकांचं लक्ष गेलं. "ताई, आईच्या नावानं?" सगळ्या माना वळल्या. "हजार," मी म्हणाले. त्याच्यावर कुणी गेलंच नाही.

कोंबडा माझ्या हातात आला. पर्समध्ये रिक्षापुरते पैसे होते. "कार्ड चालेल का?" मी बोलून गेले. ते कार्ड तर केव्हाच बंद पडलेलं. सगळं आवार खदखदून हसलं, पाळकही हसले. पप्पा हसले नाहीत. ते उठले, सदऱ्याच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. कोंबडा परत द्यायचंही मला सुचलं नाही.

आम्ही पायीच निघालो. कोंबडा काखेत फडफडत होता आणि मी त्याच्याहून जास्त.

"कशाला भरलेत पप्पा? मी दिले असते."

"कशातनं?" ते म्हणाले. मग चालता चालताच, "त्या बाईचा फोन मलाबी येतोय. दिवाळीच्या आदीपासनं."

मी कोंबडा दुसऱ्या काखेत घेतला. "मग... तुम्ही काय सांगता तिला?"

"राँग नंबर हाय म्हनतो. लईच खोदून विचारलं तर सांगतो, मला पोरगीच न्हाई."

हा माणूस साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झाला. उसाच्या गाडीमागे किलोभराचाही फरक लिहायला तयार झाला नाही, म्हणून बढतीला मुकला. आणि आता हे. मला रडू येत होतं, त्यांचा भयंकर राग येत होता, आणि कोंबडा काही केल्या स्वस्थ बसत नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. रविवारीसुद्धा. पप्पांनी तो डोळ्यांपासून लांब धरून नंबर पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला. मी कोंबडा त्यांच्या हातात कोंबला आणि फोन काढून घेतला.

"हॅलो," मी म्हणाले, "मी त्यांची मुलगी बोलतेय."