सुटलेल्या वायरीवर चाललेलं ऑक्सिजनचं मशीन

बॅटरी आणि इन्व्हर्टर हा माझा धंदा. बारामतीत छोटं दुकान आहे. कुणी भुताखेताच्या गोष्टी सुरू केल्या की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठून जाणारा माणूस. माझ्या लेखी बिघाड दोनच प्रकारचे – सापडलेला आणि अजून न सापडलेला. त्यामुळे हे इथे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. पण जे झालं ते माझ्याच धंद्यातलं, माझ्याच हातानं बसवलेल्या इन्व्हर्टरवर झालं. आणि पांढरी साडी, पैंजणांचा आवाज वगैरे काही नाही... भरदुपारी, लख्ख उन्हात झालं.

माझी थोरली बहीण सुरेखाअक्का सणसरला दिलेली. बारामती–इंदापूर रस्ता सोडून आत गेलं, कॅनॉल ओलांडला की उसात बुडालेलं तिचं घर. घरात अक्का, दाजी आणि अक्काच्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळेच आत्या म्हणतो. आत्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी परत यायचं, सगळं पायी. एवढं चाललेल्या बाईला आता कॉटवरून मोरीपर्यंत जाताना दम लागतो. फुप्फुसं कामातून गेलीत. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून नाकातल्या नळीनं देतं, पण चालतं विजेवर. वीज गेली तर इन्व्हर्टर. आणि इन्व्हर्टरनंही दगा दिला तर म्हणून एक छोटा सिलिंडर.

त्या दिवशी तो सिलिंडर भरून आणायला म्हणून माझ्याकडे होता. तो भरून, टेम्पोत टाकून मी सणसरच्याच वाटेवर होतो. उसाचा हंगाम चालू. गावाच्या अलीकडेच एक उसाची ट्रॉली उलटली होती, ती थेट विजेच्या खांबावर. खांब आडवा, तारा खाली, रस्ताभर ऊस. दोन्हीकडून रांगा लागलेल्या. टेम्पो ना पुढं जाईना, ना मागं.

तेवढ्यात अक्काचा फोन.

“संजा, लाईट गेली. इन्व्हर्टर चालू हुतोय आन् बंद पडतुय. आत्यांचं मशीन सारखं वराडतंय. कुठवर आलास?”

मी जागा सांगितली. ती म्हणाली, “बरं. मग काय करायचं ते सांग. मी करती.”

रडणं नाही, ओरडणं नाही. दाजी तोडीच्या फडात, त्यांचा फोन लागत नव्हता. शेजारी माणूस नाही. मी सिलिंडर खांद्यावर घेतला, फोन शर्टाच्या खिशात स्पीकरवर ठेवला आणि कॅनॉलच्या भरावावरून चालत निघालो. चालत कसला, जमेल तसा पळत.

आधी मी फ्रिज आणि पंखे काढायला सांगितले, लोड कमी व्हावा म्हणून. तिनं काढले. तरी तेच. थोडा वेळ चालायचं, पीं-पीं करायचं, बंद. मशीन बंद पडलं की परत चालू होऊन ऑक्सिजन नीट यायला वेळ लागतो. आत्यांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा खाली येत होता. अक्का तो मला अधूनमधून सांगायची, जसं दुधाची फॅट सांगावी तसं, शांतपणे.

“बॅटरीच्या टोकांवर काय दिसतंय?” मी विचारलं.

“पांढरी-हिरवी बुरशी धरलीया. काळ्या वायरीच्या बाजूला लई.”

सापडला बिघाड. बॅटरी चांगली होती, पण त्या बुरशीमुळे वायरीचा बॅटरीशी नीट संपर्कच होत नव्हता. वायर सोडून, टोक खरवडून परत आवळायची, एवढंच काम. पण तेवढ्या वेळात मशीन पूर्ण बंद राहणार. आणि नट गंजून बसला असेल तर तो वेळ किती लांबेल ते कुणाला माहीत?

मी हे तिला सरळ सांगितलं. म्हटलं, “मी पोचेपर्यंत थांबतेस का?”

“तू यीपर्यंत ह्ये असंच बंद-चालू हुणार. त्यापरीस येकदाच करू.” मग तिचा आवाज लांबून आला, आत्यांना सांगत होती, “आत्या, मशीन जरा बंद हुईल. घाबरायचं न्हाय. हळूहळू श्वास घ्या. मी हितंच हाय.”

मी म्हटलं, “आधी समोरचं बटण दाबून इन्व्हर्टर बंद कर.”

“दाबलं. बंद न्हाय झाला.”

“दाबून धर.”

“धरलंय की! तसाच चालतुय.”

बटण बिघडलं असेल म्हणून मी सोडून दिलं. पान्ह्यानं काळ्या वायरीचा नट ढिला करायला सांगितलं. नट हलेना. तिनं चुलीवरचं आंघोळीचं गरम पाणी थोडं-थोडं ओतलं, परत पान्हा लावला. मला तिचं कण्हणं ऐकू येत होतं. मग टणकन आवाज झाला.

“निघाली वायर.”

“पूर्ण काढलीस?”

“हातात हाय माझ्या.”

मी चालता चालता थांबलो. कारण फोनमधून मशीनचा आवाज येत होता. ते ठरावीक घुर्र... फुस्स... घुर्र... फुस्स. एका लयीत.

“अक्का, मग मशीनचा आवाज कसा येतोय?”

“चालूच हाय की रं.”

“लाईट आली का?”

“न्हाय. देव्हाऱ्याम्होरचा बल्ब बंदच हाय, त्यो इन्व्हर्टरवर न्हाय.” आणि मग, अगदी रोजच्या आवाजात, “चालतंय तवर चालू दे. पुढं काय करायचं ते सांग.”

पुढं काय करायचं! मी वाटेत उभा, सिलिंडर खांद्यावर तसाच. आणि ती पॉलिश पेपर कुठं असेल ते शोधत होती. मी कसंबसं सांगितलं, टोक खरवड, लाल वायरही काढ, तीही खरवड. काळी आधीच निघालेली होती, त्यामुळे शॉर्ट व्हायची भीती नव्हती. तिनं लालही काढली. मशीन चालूच.

घर दिसायला लागलं तसा मी पळत सुटलो. दारात पोचलो तेव्हा अक्का बॅटरीपुढं उकिडवी बसून टोक घासत होती. पदर खोचलेला, मनगटाला पान्ह्यानं खरचटून रक्त आलेलं. दोन्ही वायरी जमिनीवर, एका पोत्यावर पडलेल्या. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलेला. कॉटवर आत्या बसलेल्या, डोळे मिटून, नळी नाकाला. बोटावरचा आकडा चांगला.

मी खिशातला टेस्टर काढून मशीनच्या सॉकेटला लावला. पेटला! मेनबोर्डावर लावला, नाही पेटला. मशीनच्या पिनेपासून इन्व्हर्टरपर्यंत वायर हातानं चाचपत गेलो. दुसरी कुठलीच जोडणी नाही. घरावर सोलर नाही, जनरेटर नाही. मीटर टेम्पोतच राहिला होता, त्याची हळहळ मला आजही आहे. निदान वायरीच्या टोकांवर शून्य तरी मोजला असता. इन्व्हर्टरच्या पोटात कपॅसिटर असतात, त्यात थोडी वीज साठते, हे मला इथे कुणी शिकवू नये... ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुरते. हे चाललं होतं मी कॅनॉलवरून घरी पोचेपर्यंत.

मी बघत राहिलो. अक्का माझ्यावर खेकसली.

“बगत काय बसलास? आधी सिलिंडर लाव आत्यांना!”

मी सिलिंडर उघडला, नळी मशीनची काढून सिलिंडरला जोडली. सिलिंडरमधून हवा सुरू झाल्याचा बारीक सूं आवाज आला, आत्यांनी एक लांब श्वास घेतला...

आणि इन्व्हर्टर बंद झाला. दिवा गेला. मशीननं एकदा लांब शीळ घातली आणि गप्प झालं.

अक्कानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. ती उठली, सिलिंडरच्या काट्याकडे बघितलं, परत खाली बसली आणि राहिलेलं टोक घासून पुरं केलं. वायरी आवळल्या, वर व्हॅसलिन लावलं. बटण दाबलं तर इन्व्हर्टर नेहमीसारखा सुरू झाला. मग कुठं ती भिंतीला टेकून बसली आणि मनगटावरचं रक्त पदरानं पुसलं. मी तिला पाणी दिलं. माझ्या बहिणीचे हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले असतील.

आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, “मला काय कळलं न्हाय बाबा. सुरेखा म्हनली हळूहळू श्वास घ्या, मी घेतला.”

दुकानात येऊन मी त्याच मॉडेलचा इन्व्हर्टर घेतला, तेवढाच लोड लावला आणि वायर काढली. तत्काळ बंद. अक्काचा इन्व्हर्टरही उघडून पाहिला, सर्किट ठीक, बटण ठीक, कुठं जळल्याची खूण नाही. ओळखीच्या इंजिनिअरला सांगितलं, तो हसला. मला राग नाही आला, मीही हसलो असतो.

परवा सणसरला गेलो होतो. आत्यांची तब्येत आता बरीच सावरलीय, दिवसा मशीन लागत नाही. लाईट गेलेली, इन्व्हर्टर चालू. मला राहवलं नाही. पान्हा घेतला आणि काळी वायर सोडली. फट्‌कन सगळं बंद.

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ. “काय करतुयास?”

“काही नाही गं... बघत होतो.”

तिनं माझ्या हातातली वायर बघितली. काय ते तिला कळलं. मग म्हणाली, “बगून झालं आसंल तर जोड. आत्या टीव्ही बगत्यात.”

मी जोडली. नट आवळला, टीव्ही परत सुरू झाला.